बेसबॉलचे नियम कुणी नीट सांगेल का? (नातवासमोर इज्जतीचा प्रश्न आहे)

स्कोअररकाका

मंडळी, नमस्कार. मार्चपासून लेकीकडे न्यू जर्सीला आलोय, मुक्काम पाच महिने. नातू अकरा वर्षांचा, लिटल लीगमध्ये बेसबॉल खेळतो. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी आणि शनिवारची सकाळ आम्ही घडीच्या खुर्च्या, थर्मास आणि माझी कानटोपी घेऊन मैदानावर हजर असतो.

साताऱ्यात मी तीस वर्षं क्लब क्रिकेटचं स्कोअरिंग केलंय. बाय की लेगबाय यावरून अंपायरांशी वाद घातलेत. आणि इथे शेजारच्या खुर्चीतल्या बाई "गुड आय! गुड आय!" म्हणून ओरडतात तेव्हा कौतुक कशाचं चाललंय तेच कळत नाही. पोराने बॅट हलवलेलीसुद्धा नसते! जावयाला विचारलं की तो म्हणतो, "बाबा, तसा नियमच आहे."

माझ्या शंका अशा. फिल्डर कधी नुसता बेसवर पाय ठेवतो आणि पळणारा आऊट, तर कधी चेंडू हातात घेऊन त्याच्या मागे धावत त्याला शिवतो. हे कधी आणि ते कधी? दुसरं, गेल्या शनिवारी एका पोराचे तीन स्ट्राइक झाले, म्हणजे आऊट ना? तर सगळे "रन! रन!" ओरडायला लागले, तो पळत सुटला आणि पहिल्या बेसवर जाऊन उभा राहिला. कुणाची काही तक्रार नाही! तिसरं तर त्याहून अजब. चेंडू उंच उडाला, खाली फिल्डर उभा, चेंडू अजून हवेत आणि अंपायरने बोट वर करून आऊट दिला. पोराने तो झेल सोडला. तरी आऊटच!

शिवाय १५ एप्रिलला टीव्हीवर मॅच लावली, तर झाडून सगळ्यांच्या पाठीवर ४२ नंबर. स्कोअररने जीव द्यायचा का?

वाटाणा

फुटाणे घेऊन बसलोय. चालू द्या.

मधुरा_ओहायो

काका, "गुड आय"पासून सुरुवात करते, कारण माझीही सुरुवात तिथूनच झाली होती.

बॅटर उभा राहतो तिथे जमिनीत बसवलेली पाटी म्हणजे होम प्लेट. तिच्या वर हवेत एक अदृश्य चौकट असते. रुंदी प्लेटएवढी, म्हणजे १७ इंच. उंची बॅटरच्या गुडघ्याच्या खालच्या खळगीपासून खांदा आणि कंबर यांच्या मध्यापर्यंत. त्या चौकटीतून चेंडू गेला आणि मारला नाही तर स्ट्राइक. चौकटीबाहेरून गेला आणि बॅट फिरवली नाही तर "बॉल". तीन स्ट्राइकला आऊट, चार बॉलला पहिला बेस फुकट. म्हणजे वाईट चेंडू सोडणं हेही काम आहे, आणि सोडला की "नजर चांगली आहे हं पोराची" असं ते कौतुक. आपल्याकडे ऑफस्टंपबाहेरचा सोडला की "वेल लेफ्ट" म्हणतात, तेच.

बाकी अंपायर ती चौकट कुठे मानतो हा त्याच्या मर्जीचा भाग. लिटल लीगमधला अंपायर साडेसात वाजले, अंधार पडायला लागला की चौकट हळूहळू मोठी करतो असा माझा पक्का संशय आहे.

बंड्या_बोस्टनकर

काका, पहिल्या शंकेचं उत्तर खो-खोत आहे.

एका बेसवर दोघांना थांबता येत नाही. बॅटरने चेंडू जमिनीवर मारला की त्याला पहिल्या बेसकडे पळावंच लागतं. पहिल्यावर आधीच कुणी असेल तर त्याला हा "खो" मिळाला. तो उठला, दुसऱ्याकडे निघाला. दुसऱ्यावर कुणी असेल तर त्यालाही खो. ज्याला खो मिळालाय त्याला बसून राहायची सोयच नाही. म्हणून त्याला शिवायची गरज नाही, तो जिथे जाणार तिथे चेंडू आधी पोचला आणि फिल्डरचा पाय बेसवर असला की आऊट. ह्याला फोर्स आऊट म्हणतात.

पण समजा रनर दुसऱ्या बेसवर आहे आणि पहिला मोकळा आहे. मागून खो द्यायला कुणी नाही. तो आपल्या हौसेने पळाला तर पळाला. अशाला चेंडूने शिवावंच लागतं.

शंकेखोर

मग खो दिलेला परत घेता येतो का?

बंड्या_बोस्टनकर

@शंकेखोर, येतो! झेल पकडला गेला आणि बॅटरच बाद झाला की खो देणाराच उरला नाही. सगळे खो रद्द. आता रनरने उलट आपल्या जुन्या बेसला परत जायचं. मग तिथून पाहिजे तर पुन्हा निघायचं.

ठाणेकर७७

एवढं डोकं चालवून शेवटी बघायचं काय? सगळे फुलटॉस! टप्पा नाही, स्पिन नाही, पिच नाही. आपला सूर्या गेला तर रोज पाच बाहेर मारेल. आणि हातात केवढाले ते मोजे घालून झेल घेतात आणि त्याचं कौतुक. आमच्या गल्लीत टेनिस बॉलने खेळणारी पोरं एका हातात वडापाव धरून झेल घेतात.

जळगावची_केळी

ठाणेकरांना नंतर बघते, आधी काका.

मी शाळा-कॉलेजात सॉफ्टबॉल खेळले, कॅचर होते, म्हणजे आपला विकेटकीपर. आमच्याकडे खान्देशात सॉफ्टबॉलचं वेड चांगलं आहे. तिथे चेंडू मोठा, खांद्याखालून फेकायचा, बेस ६० फुटांवर, सात इनिंग. बेसबॉलमध्ये मोठ्यांचे बेस ९० फुटांवर आणि नऊ इनिंग. पण तुमच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या शंकेचा नियम दोन्हीकडे एकच, आणि गंमत म्हणजे त्या दोन्ही शंकांचं मूळही एकच आहे: लबाडी.

तिसरा स्ट्राइक झाला की कॅचरने तो चेंडू हवेतच पकडावा लागतो. सुटला किंवा टप्पा पडून हातात आला तर आऊट पूर्ण झालेलंच नाही. बॅटर पहिल्या बेसकडे पळू शकतो. त्याला शिवा किंवा तो पोचायच्या आत पहिल्या बेसवर चेंडू फेका. म्हणून ते "रन! रन!". माझ्या हातून एकदा असा चेंडू सुटला, मागच्या जाळीपर्यंत गेला, आणि मी हेल्मेट काढून तो शोधेपर्यंत ती मुलगी दुसऱ्या बेसवर पोचली होती. आमचे सर त्यानंतर आठवडाभर मला "पोस्टमन" म्हणायचे. आलेलं पुढे पाठवते म्हणून.

पण ही सवलत कधी मिळते? पहिला बेस मोकळा असेल तेव्हा, किंवा दोन आऊट आधीच झालेले असतील तेव्हा. का? कारण नाहीतर कॅचर मुद्दाम चेंडू सोडेल! पहिल्यावर रनर आहे, चेंडू सोडला की बॅटर पळणार, म्हणजे रनरला खो. बिचारा बेसला चिकटून उभा होता, आता त्याला पळावं लागणार. कॅचर दुसऱ्याकडे फेकणार, तिथून पहिल्याकडे, एका चेंडूत दोन आऊट. चूक करून बक्षीस.

आता तुमचा उंच उडालेला चेंडू. पहिल्या-दुसऱ्यावर (किंवा तिन्हींवर) रनर आहेत, आऊट दोनपेक्षा कमी. इनफिल्डरच्या, म्हणजे बेसजवळच्या फिल्डरच्या, डोक्यावर सोपा झेल. रनर काय करणार? झेल होणार म्हणून बेसवरच थांबणार. आणि इनफिल्डरने मुद्दाम सोडला तर? सगळ्यांना एकदम खो, आणि सगळे उशिरा. आरामात दोन आऊट. म्हणून अंपायर आधीच सांगून टाकतो, "बॅटर आऊट, आता पकडा नाहीतर सोडा." बॅटर बाद म्हणजे खो रद्द. ह्याला इनफिल्ड फ्लाय म्हणतात, आणि अमेरिकेत जन्मलेल्या निम्म्या लोकांनाही तो सांगता येत नाही, तेव्हा जावयाला माफ करा.

स्कोअररकाका

जळगावच्या ताई, साष्टांग नमस्कार! तीन आठवडे छळत होतं. आज रात्री जेवताना जावयाला समजावणार आहे.

रानजाई

@ठाणेकर७७, फुलटॉस ताशी ९५ मैलांनी येतो, म्हणजे १५३ किलोमीटर. पिचर, म्हणजे तुमचा बोलर, ६० फूट ६ इंचांवरून फेकतो. हातातून सुटल्यापासून प्लेटपर्यंत ०.४ सेकंद. बॅट गोल, चेंडू गोल. आणि मैदान फक्त समोरचं ९० अंशाचं, लेगग्लान्स नाही की लेट कट नाही. मागे गेला की फाऊल. शिवाय प्रत्येक फुलटॉस सरळ येत नाही, शेवटच्या क्षणी खाली पडतो किंवा बाजूला सरकतो. टप्पा नसेल, पण शिवण आहे, १०८ दुहेरी टाके.

म्हणूनच १० वेळांपैकी तीनदा ज्याचा हिट होतो, म्हणजे मारून बेस गाठता येतो, तो मोठा खेळाडू. सात वेळा हात हलवत परत.

मोज्यांचं म्हणाल तर झेलासाठी कौतुक नसतंच. जमिनीवरून सुसाट आलेला चेंडू अडवून, उचलून, वळून पहिल्या बेसवर फेकायचा आणि हे सगळं साधारण चार सेकंदांत, कारण तेवढ्यात बॅटर पोचतो.

ठाणेकर७७

तरी वडापाव धरून झेल जास्त अवघड. चटणी सांडते.

वाटाणा

+१ चटणीला.

सॅम_सांगलीकर

ठाणेकर, मी बेसबॉलच्या स्टेडियममध्ये पहिल्यांदा गेलो तो सचिनसाठी! नोव्हेंबर २०१५, न्यूयॉर्कचं सिटी फील्ड. सचिन आणि वॉर्न निवृत्त लोकांच्या दोन टीम घेऊन आले होते. न्यूयॉर्क, ह्यूस्टन, लॉस एंजेलिस, तिन्ही मॅच बेसबॉलच्या मैदानांवर, मध्ये बाहेरून आणून बसवलेली खेळपट्टी. वॉर्नची टीम तिन्ही जिंकली, पण स्टेडियममध्ये "सच्चिन, सच्चिन" सोडून दुसरं काही ऐकू येत नव्हतं. मैदानाचा आकारच विचित्र, एका बाजूला सीमारेषा हाताशी. माझ्या शेजारी सुरक्षारक्षक उभा होता, बिचारा मला विचारत होता, "हा बॅट घेऊन का पळतोय?"

काका, हीच तुमची शंका उलटी.

शंकेखोर

रिंकू सिंग पण अमेरिकेत बेसबॉल खेळायचा ना? मग तो केकेआरमध्ये कसा आला? ते पाच सिक्स म्हणूनच मारले का?

बंड्या_बोस्टनकर

@शंकेखोर, हसून चहा सांडला. दोन वेगळे रिंकू सिंग! पाच सिक्सवाला अलीगढचा, क्रिकेटर. बेसबॉलवाला रिंकू सिंग पण उत्तर प्रदेशचाच, मूळचा भालाफेकपटू. २००८ साली भारतात वेगवान चेंडू फेकण्याची एक स्पर्धा झाली, त्यात तो आणि दिनेश पटेल पुढे आले. दोघांनीही आधी कधी बेसबॉल हातात धरला नव्हता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांना करारबद्ध केलं. मुख्य लीगपर्यंत कुणी पोचलं नाही, पण रिंकू काही वर्षं खालच्या लीगमध्ये खेळला. पुढे तो कुस्तीच्या शोमध्ये गेला, वीर महान नावाने. गंध लावून, केस सोडून.

शंकेखोर

वीर महान बेसबॉल खेळायचा?? आज काही खरं नाही.

पिठलंभाकर

कुणी पैशांचं सांगा की. त्या जपानी बेसबॉलपटू ओहतानीला ७० कोटी डॉलर मिळाले म्हणे. आम्ही आयुष्यभर पीएफ मोजायचा.

मधुरा_ओहायो

@पिठलंभाकर, त्यात मेख आहे. डिसेंबर २०२३ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सशी दहा वर्षांचा ७० कोटींचा करार झाला खरा, पण त्यातले ६८ कोटी त्याने पुढे ढकलले. खेळतो तोवर वर्षाला फक्त २० लाख डॉलर घेतो, बाकीचे २०३४ पासून दहा वर्षं, तेही बिनव्याजी. म्हणजे त्याचाही पीएफच समजा. आकड्याने बघायचं तर हुआन सोतोचा करार मोठा, न्यूयॉर्क मेट्सबरोबर १५ वर्षांचा, ७६.५ कोटी.

ओहतानीची खरी मजा पैशांत नाही. तो पिचिंगही करतो आणि बॅटिंगही, दोन्ही अव्वल दर्जाची. बेसबॉलमध्ये पिचरला बॅट धरता येत नाही असंच गृहीत धरलेलं असतं, म्हणून त्याच्या जागी डीएच नावाचा खास बॅटर खेळवतात. हा माणूस स्वतःचाच डीएच आहे! २०२२ मध्ये त्यासाठी नियमच आला: सुरुवातीचा पिचर डीएचही असेल तर पिचिंगवरून काढला तरी बॅटिंग चालू ठेवू शकतो. २०२४ मध्ये कोपराच्या ऑपरेशनमुळे पिचिंग बंद होतं, तर गड्याने ५४ होमरन (आपले सिक्स) मारले आणि ५९ बेस चोरले, म्हणजे कुणी चेंडू मारायची वाट न बघता पळून पुढचा बेस गाठला. ५० आणि ५० एका मोसमात कुणीच केलं नव्हतं.

कोकणकन्या_नव्हे

हे झालं शिखरावरच्यांचं. खालचं कुणी सांगत नाही म्हणून मी सांगतो. आमच्या गावात एका मेजर टीमची खालची टीम आहे. ड्राफ्टमधून, म्हणजे टीमच्या वार्षिक निवडीतून, पोरं घेतली जातात, मग सिंगल ए, हाय ए, डबल ए, ट्रिपल ए अशा पायऱ्या. बहुतेक पोरं ह्या पायऱ्यांवरच संपतात. वरच्या लीगमध्ये एक दिवस गेला तरी त्या दिवसाचा किमान पगार लागू होतो, तो २०२६ ला वर्षाला ७ लाख ८० हजार डॉलर आहे. आणि एक पायरी खाली, ट्रिपल ए मध्ये, २०२३ चा करार झाला तेव्हा साधारण ३६ हजार! त्याच्या आधी त्याहून कितीतरी कमी. एका पायरीचा फरक बघा. आमच्या शेजारच्या घरात दोन पिचर भाड्याने राहायचे, गाद्या जमिनीवर, फर्निचर म्हणून एक टीव्ही. एक व्हेनेझुएलाचा होता, दर रविवारी आईला व्हिडिओ कॉल करून मॅच सांगायचा. एका सकाळी घर रिकामं. त्याला काढलं होतं की वर बोलावलं होतं, शेवटपर्यंत कळलं नाही.

बंड्या_बोस्टनकर

काका, नातू पिचिंग करतो का? करत असेल तर हे वाचा.

माझा मुलगा बारा-तेराचा असताना दोन टीममध्ये खेळायचा. एक लिटल लीग, एक पैसे भरून खेळायची ट्रॅव्हल टीम. लिटल लीगमध्ये मर्यादा आहे, ११-१२ वर्षांच्या पोराने दिवसाला ८५ च चेंडू फेकायचे, मग ठरलेले दिवस विश्रांती. पण दोन टीमची बेरीज करणार कोण? शनिवारी इथे, रविवारी तिथे. तिथल्या कोचला विचारलं तर म्हणाला, "मुलाचा हात रबराचा आहे." रबराचा हात जूनमध्ये दप्तर उचलेना. नशिबाने चार महिन्यांच्या विश्रांतीवर भागलं. दोष कोचचा जेवढा, तेवढाच माझा. स्पीडगनवरचा आकडा बघून मीच खूष व्हायचो.

मोठ्यांमध्ये तर कोपराचा लिगामेंट फाटणं नेहमीचंच. १९७४ मध्ये डॉक्टर फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन नावाच्या पिचरच्या कोपरात त्याच्याच शरीरातला दुसरा स्नायुबंध काढून बसवला. तो पुढे वर्षानुवर्षं खेळला आणि ऑपरेशनलाच त्याचं नाव पडलं. तेव्हा काका, चेंडू मोजा. तुम्ही स्कोअरर आहात, तुमच्याइतकं कोण मोजणार?

स्कोअररकाका

बंड्याभाऊ, चांगलं सांगितलंत. नातू दुसऱ्या बेसवर असतो, पण कोच कधीमधी पिचिंगला उभा करतो. शनिवारपासून खिशात बटणांचा काउंटर. आमच्याकडे षटकातले चेंडू मोजायला असायचा तोच, सवयीने बॅगेत आलाय.

४२ नंबरचं कुणी सांगेल का?

रानजाई

१५ एप्रिल १९४७ ला जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला. त्याच्या आधी अनेक दशकं मेजर लीगमध्ये काळ्या खेळाडूंना प्रवेश नव्हता. नियमपुस्तकात तसं कलम नव्हतं, फक्त मालकांचं एकमत होतं. रॉबिन्सनचा नंबर ४२. १९९७ मध्ये, पन्नास वर्षांनी, तो नंबर सगळ्याच टीममधून निवृत्त केला. ज्यांच्या पाठीवर तो तेव्हा होता त्यांनाच ठेवायची मुभा दिली. त्यातला शेवटचा म्हणजे यांकीजचा मारियानो रिव्हेरा, तो २०१३ ला थांबला. आता वर्षातून एकच दिवस, १५ एप्रिलला, सगळे ४२.

काका, तुम्ही स्कोअरर म्हणून ह्याच्याच पुढचं सांगते. मेजर लीगमध्ये घेत नव्हते तेव्हा काळे खेळाडू वेगळ्या लीगमध्ये खेळायचे, निग्रो लीग. तिथले आकडे कुणी धरायचंच नाही. पण काळ्यांच्या वर्तमानपत्रांत मॅचचे बॉक्स स्कोअर, म्हणजे स्कोअरकार्डं, छापून यायचे. गेली कित्येक वर्षं काही चिकट लोकांनी ती जुनी पानं शोधून, मायक्रोफिल्म बघून एकेक मॅच जुळवली. २०२० मध्ये त्या लीगना मेजरचा दर्जा मिळाला आणि २०२४ मध्ये आकडे अधिकृत यादीत आले. त्याबरोबर कारकिर्दीतल्या सरासरीत (बॅटिंगच्या दर संधीमागे किती हिट) जुना विक्रमवीर टाय कॉब ०.३६७ वरून दुसऱ्या नंबरवर गेला आणि पहिला आला जॉश गिब्सन, ०.३७२. गिब्सन १९४७ च्या जानेवारीत वारला होता. रॉबिन्सनची पहिली मॅच तीन महिन्यांवर होती.

स्कोअररकाका

हे वाचून खुर्चीतून उठलो आणि गॅलरीत एक चक्कर मारून आलो. आमच्या क्लबाच्या १९८३ ते ९१ च्या स्कोअरवह्या वाळवीने खाल्ल्या. त्यात एका पोराच्या ११ इनिंगमध्ये ६ शतकं होती. आता सांगून कुणाला पटत नाही.

ठाणेकर७७

काका, मला पटतं. नाव सांगा, मी लिहून ठेवतो.

सॅम_सांगलीकर

अरे ठाणेकर चक्क गोड बोलले. तारीख लिहून ठेवा.

शंकेखोर

वर्ल्ड सिरीज नाव का? जग कुठे आहे त्यात? ऐकलं होतं की न्यूयॉर्क वर्ल्ड नावाच्या पेपरने पुरस्कृत केली म्हणून.

मधुरा_ओहायो

@शंकेखोर, ती दंतकथा आहे, त्या पेपरचा काही संबंध नाही. १९०३ मध्ये दोन लीगच्या विजेत्यांची मालिका झाली, तिला जगज्जेतेपदाची मालिका म्हणायला लागले, तेच आखूड होऊन राहिलं. आपणही गल्लीतल्या स्पर्धेला "भव्य दिव्य अखिल भारतीय" लावतोच की. आणि अगदीच अमेरिकेपुरती नाहीये, कॅनडाचं टोरंटो आहे. गेल्या वर्षी, २०२५ ला, तेच डॉजर्सविरुद्ध अंतिम फेरीत होते. तिसरी मॅच १८ इनिंग चालली, साडेसहा तासांवर. मी अकरा वाजता "एवढी इनिंग बघून झोपते" म्हटलं होतं. झोपले तेव्हा तीन वाजत आले होते आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात प्रेझेंटेशन होतं. सातवी मॅचसुद्धा ११ इनिंग, डॉजर्स ५-४.

पिठलंभाकर

पण टाय झाली की आता दुसऱ्या बेसवर फुकट माणूस उभा करतात ना?

मधुरा_ओहायो

@पिठलंभाकर, साखळी सामन्यांत करतात, २०२० पासून, दहाव्या इनिंगपासून पुढे. बाद फेरीत नाही. म्हणूनच १८ झाल्या. मला तो फुकटचा माणूस अजिबात आवडत नाही. पण पिच क्लॉक आवडलं. २०२३ मध्ये पिचरला घड्याळ लावलं आणि मॅचची सरासरी वेळ तीन तास चार मिनिटांवरून दोन तास चाळीसवर आली. आधी बॅटर हातमोजे सोडतोय, बांधतोय, पिचर टोपी नीट करतोय, लग्नात मुहूर्त गाठायच्या आधी भटजी करतात तसं चाललेलं असायचं.

जळगावची_केळी

आणि २०२६ पासून स्ट्राइक-बॉललाही मशीन. पूर्ण मशीन नाही, आपल्या डीआरएससारखं. टीमला दोन चॅलेंज, बरोबर निघालं तर शिल्लक राहतं. फक्त बॅटर, पिचर आणि कॅचरच मागू शकतात, टोपीला किंवा हेल्मेटला टपली मारून. डगआऊटमधून खाणाखुणा चालत नाहीत.

चौकटीवरून आठवलं, ती प्रत्येक बॅटरच्या उंचीवर ठरते ना? १९५१ मध्ये सेंट लुई ब्राऊन्सच्या मालकाने, बिल व्हेकने, एडी गेडेल नावाच्या ३ फूट ७ इंच उंचीच्या माणसाला बॅटिंगला पाठवलं. पाठीवर नंबर १/८! पिचर हसत होता आणि कॅचर गुडघ्यावर बसला होता. चार चेंडू, चारही वर. गेडेल चालत पहिल्या बेसवर, तिथे बदली रनर आला. सगळं नियमात.

वाटाणा

आमच्या सोसायटीत हा नियम असता तर मीही खेळलो असतो.

स्कोअररकाका

शनिवारचा अहवाल.

पोरांच्या टीमची नेहमीची स्कोअरर बाई आली नव्हती. कोचने विचारलं, कुणी वही धरेल का? लेकीने माझ्याकडे बोट दाखवलं. आठवडाभर मी वही शिकतच होतो म्हणा. प्रत्येक बॅटरला एक चौकोन, त्यात हिऱ्याच्या आकाराचं छोटं मैदान, रनर पुढे जाईल तशी रेघ ओढत जायची. प्रत्येक जागेला नंबर: पिचर १, कॅचर २, मग ३, ४, ५ बेसवाले, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला) ६, बाहेरचे ७, ८, ९. शॉर्टस्टॉपकडून दुसऱ्या बेसला, तिथून पहिल्याला, दोन आऊट, तर लिहायचं ६-४-३. बॅट फिरवून तिसरा स्ट्राइक गेला की के. नुसता बघत राहिला तर उलटा के. उलटा के काढताना माझा हात दर वेळी अडखळतो, तीन पानं खराब केली.

हे के काढणारा माणूस हेन्री चॅडविक. मूळचा इंग्लंडमधल्या एक्सेटरचा, ब्रुकलिनमध्ये क्रिकेटच्या बातम्या लिहायचा. क्रिकेटचं स्कोअरकार्ड डोळ्यांसमोर ठेवून त्याने बेसबॉलचा बॉक्स स्कोअर बसवला. म्हणजे वही आपल्याच घरातली निघाली.

चौथ्या इनिंगमध्ये पहिल्या-दुसऱ्यावर रनर, एक आऊट, आणि समोरच्या पोराने चेंडू उंच उडवला, थेट आमच्या नातवाच्या डोक्यावर. मी खुर्चीतून ओरडलो, "इनफिल्ड फ्लाय!" अंपायरचं बोट माझ्यानंतर वर गेलं. शेजारच्या गुड-आयवाल्या बाई चाट! म्हणाल्या, दहा वर्षं मॅच बघतेय, हा नियम मला कधी कळला नाही, सांगाल का? मी वही मांडीवर ठेवली आणि विचारलं, "मॅडम, डू यू नो खो-खो?"

नातवाने तो झेल सोडला. बॅटर आऊटच होता म्हणून वाचला. घरी येताना गाडीत म्हणाला, "आबा, मी मुद्दाम सोडला." मी वहीत काही लिहिलेलं नाही.

आता बाल्क म्हणजे काय ते सांगा. पिचरने काहीच केलं नव्हतं आणि सगळे रनर एकेक बेस पुढे गेले.

बंड्या_बोस्टनकर

काका, परतीचं तिकीट किती तारखेचं आहे? बाल्कला वेळ लागेल.

जळगावची_केळी

काहीच केलं नव्हतं असं प्रत्येक पिचर म्हणतो. त्याचा मागचा पाय पिचरच्या जागेवरच्या पाटीवर होता की उचलला होता, ते आधी सांगा.